‘पारंपरिक’ म्हणू नका, नाव घ्या

माझी आत्या लग्न होऊन झाशीला गेली ती कायमची झाशीकर झाली. एका होळीला मी तिच्याकडे होते. रात्री गल्लीच्या तोंडाशी फाग, म्हणजे होळीची बुंदेली गाणी, म्हणणाऱ्यांची मंडळी जमली. नगडियाचं, म्हणजे छोट्या नगाऱ्याचं, कातडं गारठ्याने उतरलं होतं, म्हणून ती आधी शेकोटीजवळ धरून चांगली तापवली. बोटांनी टिचकी मारून आवाज चढला की नाही ते पाहिलं, मग ढोलक आणि झांजा लागल्या. मुख्य गायक सत्तरीचा असावा. तो ओळ उचलायचा, बाकीचे झेलायचे. शेवटच्या कडीला मात्र त्याने उजवा हात कानाशी नेला, लय किंचित रोखली आणि ‘ईसुर’ हा शब्द असा मोकळा सोडला की समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आत्यानेही. ते नाव आलं की फाग पुरी झाली, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतेभावाने फोनवर काढलेला व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. वर लिहिलं होतं, ‘पारंपरिक बुंदेली होळीगीत’. मी म्हटलं, “अरे, त्या बाबांनी गाण्यातच कवीचं नाव सांगितलं की. तू ते का नाही लिहिलंस?” तो म्हणाला, “ताई, लोकगीतच ना ते. लोकगीताला कुठे कवी असतो?”

आतेभावाला मी दोष देत नाही. तो जे बोलला तेच मी परिसंवादांत, प्रस्तावनांत आणि निवेदकांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. तिथे शब्द जड असतात एवढंच. मौखिक परंपरेत व्यक्ती विरघळते, समाज हाच खरा कर्ता असतो, नावाचा आग्रह छापखान्याबरोबर आला, आपल्या लोककलेची थोरवी तिच्या निनावीपणात आहे. ऐकायला हे फार नम्र आणि उदात्त वाटतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. आणि ते नुसतं चुकीचं असतं तर मी लिहायला बसले नसते. या विचाराने जित्याजागत्या माणसांच्या पोटावर पाय आणला आहे.

त्या गाण्यातल्या ‘ईसुर’पासून, म्हणजे कवी ईसुरींपासूनच सुरुवात करते. झाशी जिल्ह्यात मऊरानीपूरजवळ मेंढकी नावाचं गाव आहे, ईसुरी तिथले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला जन्म, 1909 साली मृत्यू. पोटासाठी ते जमीनदारांकडे कारिंदा होते, म्हणजे आपल्याकडे ज्याला कारभारी म्हणतील तसे. छतरपूरच्या राजाने दरबारात बोलावलं तर गेले नाहीत, अशी त्यांची आठवण बुंदेलखंडात आजही सांगतात. दिवसा हिशेब आणि वसुली, आणि उरलेल्या आयुष्यात फागा. रजऊ नावाच्या प्रेयसीला उद्देशून रचलेल्या, शेतीच्या, दुष्काळाच्या, म्हातारपणाच्या, मरणाच्या. त्या कुणी मागवल्या नव्हत्या. धीरे पंडा नावाचे गायक त्या फागा घेऊन गावोगाव गात. छतरपूरचे गंगाधर व्यास आणि चरखारीचे ख्यालीराम हे ईसुरींचे समकालीन. या तिघांना बुंदेलीची बृहत्त्रयी म्हणतात. फागांचे सामने व्हायचे त्याला तिकडे ‘फड’च म्हणतात. आपल्या तमाशाचा फड आणि तो फड वेगळे नाहीत. आपला कलगी-तुरासुद्धा तिकडे तुर्रा-कलगी म्हणून नांदतो आणि त्याचा उगम सांगणारे चंदेरीचं आणि तिथल्या तुकनगीर व शाहअली यांचं नाव घेतात.

आता ईसुरींची चौकडिया फाग जरा जवळून पाहा. नावाप्रमाणे साधारणतः चार कड्या. ओळ 28 मात्रांची. 16 मात्रांवर विसावा, मग 12. पहिल्या ओळीत विसाव्याचा शब्द आणि ओळीच्या शेवटचा शब्द यांचं यमक जुळवलेलं असतं. ऐकणाऱ्याच्या कानाला एकाच ओळीत दोनदा खुंटी सापडते, आणि पुढच्या कड्या त्याच खुंटीवर येऊन टेकतात. अंगणात, झांजांच्या गलक्यात, न वाचता, एकदाच ऐकून पाठ व्हावं अशी ही बांधणी आहे. ही बांधणी नावारूपाला आणणारा माणूस आपल्या हाताने शेवटच्या कडीत स्वतःचं नाव ठेवतो. एकदा नव्हे, फागेमागून फागेत. ज्या मात्रांमध्ये आणखी एक उपमा बसली असती तिथे तो ‘ईसुर’ बसवतो. अशा माणसाला नावाची पर्वा नव्हती असं म्हणणाऱ्यांनी त्याची एक तरी फाग शेवटपर्यंत ऐकली आहे का?

ही नाममुद्रा म्हणजे मराठी माणसाला काही परकी गोष्ट नाही. ‘तुका म्हणे’ आपल्या कानात जन्मापासून आहे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईने आपल्या अभंगांत ‘जनी’ म्हणून नाव घातलं. तेव्हा छापखाना यायला काही शतकं बाकी होती. होनाजी शेलारखाने लावण्या रचायचा आणि बाळा करंजकर त्या गायचा, तर लोकांनी फडाला ‘होनाजी-बाळा’ असं दोघांचं नाव दिलं. लिहिणाऱ्याला लिहिणाऱ्याचं, गाणाऱ्याला गाणाऱ्याचं. ईसुरी आणि धीरे पंडा यांची जोडी नेमकी अशीच. आणि आपल्या अगदी जवळच्या काळातले वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकला, गाणी रचत गावं पालथी घालत राहिला, आणि गाण्यात ‘वामन’ असं नाव घालत राहिला. नावाचा आग्रह पश्चिमेकडून आला म्हणणाऱ्यांनी आधी या सगळ्यांना उत्तर द्यावं. आपल्याकडे नाव गाण्याच्या आत शिवलेलं असायचं, कारण वेष्टन हरवतं, वही फाटते, गाणं तेवढं पुढे जातं. तबकडी आली तेव्हाही तसंच झालं. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांनी गाणं संपता संपता आपलं नाव मोठ्याने उच्चारलं आणि ते तबकडीत कोरलं गेलं.

झाशीच्या बाबतीत तर आणखी एक पुरावा आहे आणि तो हिंदी शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो. सुभद्राकुमारी चौहान यांच्या झाशीच्या राणीवरच्या कवितेत, ही कहाणी आम्ही बुंदेल्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकली, असा उल्लेख कडव्यामागून कडव्याला येतो. हरबोले म्हणजे दारोदार फिरून गाणारे, पोवाडेवजा कथा सांगणारे लोक. कवयित्रीने त्यांचं ऋण तळटीपेत नाही ठेवलं, ध्रुपदात ठेवलं. एका एका गायकाचं नाव तिला माहीत नव्हतं, पण जेवढं माहीत होतं तेवढं तिने सांगितलं, आणि दर वेळी सांगितलं. मी मागते आहे ते याहून जास्त काही नाही.

आता समोरच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं घेते. फाग तोंडातोंडी बदलते. मेंढकीत एक शब्द, चरखारीत दुसरा, कुणी कडी गाळली, कुणी घातली. इतकंच काय, ईसुरींच्या पश्चात कित्येकांनी स्वतःच्या फागांत ‘ईसुर’ घालून त्या खपवल्या आहेत. मग मुद्रेवर भरवसा कसा ठेवायचा? हा प्रश्न खरा आहे. पण तुकोबांच्या गाथेतही पाठभेद आहेत, क्षेपकं आहेत, त्यावरून विद्वानांची आयुष्यं खर्ची पडली आहेत. म्हणून कुणी गाथेवर ‘पारंपरिक भजनं’ असं छापलं नाही. तुकोबांच्या बाबतीत शंका आली की आपण संशोधन करतो आणि ईसुरींच्या बाबतीत शंका आली की नावच पुसतो, हा न्याय कुठला? शंका असेल तिथे ‘ईसुरींच्या नावे प्रचलित’ असं लिहा. तीन शब्द लागतात. शिवाय लोकांना आपली फाग ईसुरींच्या नावावर खपवावीशी वाटली, यातच त्या नावाला केवढं वजन होतं ते दिसतं. निनावी माणसाची नक्कल कोण करेल?

दुसरं म्हणणं असं की, ईसुरींचं ठीक आहे, पण काही गाणी खरोखरच कुणा एकाची नसतात. जात्यावरच्या ओव्यांचं काय? याचं उत्तर महाराष्ट्रातच तयार आहे. गी पॉयत्वँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका. ओवी कुणी पहिल्यांदा रचली हे कोण सांगणार? पण कुणी गायली, कोणत्या गावात गायली, हे त्यांनी टिपून ठेवलं. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या ओव्या ऐकायला मिळतात तेव्हा ओवीबरोबर बाईचं नाव असतं, गाव असतं, पुष्कळदा तिचा फोटो असतो. सामूहिक म्हणजे निनावी नव्हे, हे या लोकांनी आयुष्यभराच्या कामाने दाखवून दिलं. ज्यांना नाव सापडत नाही त्यांनी विचारलेलं नसतं, एवढाच याचा अर्थ.

आणि न विचारल्याने काय होतं? 2020 सालच्या मार्चमध्ये बादशाह या गायकाचं ‘गेंदा फूल’ आलं आणि काही दिवसांत कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. त्यातली बंगाली ओळ जिथून आली ते गाणं बीरभूम जिल्ह्यातल्या सिउडीच्या रतन काहार यांनी 1972 साली रचलं होतं. 1976 साली स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात त्याची तबकडी निघाली आणि ते घराघरांत गेलं. नव्या गाण्यावर रतन काहार यांचं नाव नव्हतं. बंगालमध्ये ओरड झाली तेव्हा बादशाह यांनी सांगितलं की आधीच्या ध्वनिमुद्रणांवर ते बंगाली लोकगीत म्हणून नोंदलेलं होतं. नंतर त्यांनी रतन काहार यांना पाच लाख रुपये दिले. 2024 मध्ये रतन काहार यांना पद्मश्री मिळाली.

या प्रकरणात बादशाह यांच्यावर तुटून पडणं सोपं आहे. मला त्या आधीच्या नोंदींचं जास्त वाईट वाटतं. कवी जिवंत होता, आपल्या गावात होता, गात होता, आणि कागदावर मात्र तो ‘लोक’ झाला होता. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत कितीदा ते गाणं वाजलं असेल, किती कार्यक्रमांत इतरांनी टाळ्या घेतल्या असतील! पाच लाख रुपये ही दानत झाली. त्याचा हक्क त्या एका शब्दाने आधीच मारला होता. ‘लोकगीत’ आणि ‘पारंपरिक’ हे शब्द कागदावर लिहिले की गाण्याचा मालक नाहीसा होतो आणि ते पहिल्या उचलणाऱ्याचं होतं. म्हणून मी या शब्दांना निरुपद्रवी मानत नाही.

इथे कुणी म्हणेल, कायदा आहे, तो करील. कायद्याची गोष्ट मी त्याच झाशी जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गीतकाराच्या आधाराने सांगते. झाशीजवळच्या बरुआसागरचे श्यामलाल बाबू राय, म्हणजे आपण ज्यांना इंदीवर म्हणून ओळखतो ते. ‘मल्हार’, ‘सरस्वतीचंद्र’, ‘कुर्बानी’. 1980 साली लंडनहून बिद्दू यांनी संगीत दिलेलं आणि पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने गायलेलं ‘कुर्बानी’तलं गाणं देशभर गाजलं, त्याचे शब्द या बुंदेलखंडी माणसाचे. ईसुरी गावात राहिले, इंदीवर मुंबईला गेले आणि सिनेमात शिरले. म्हणून तबकडीवर त्यांचं नाव छापलं गेलं. रेडिओवर निवेदक नाव घ्यायचे. पण हक्क? सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली निकाल दिला होता की चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गीताचा आणि संगीताचा पहिला मालक निर्माता. वेगळा करार केलेला नसेल तर गीतकाराला ठरलेली रक्कम मिळाली की व्यवहार संपला. इंदीवर 1997 साली गेले. गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा समान वाटा देणारी, आणि तो वाटा कुणी लिहून घेऊ शकणार नाही असं सांगणारी दुरुस्ती संसदेने 2012 साली केली. पंधरा वर्षं उशिरा.

एकाच जिल्ह्यातले दोघे. सिनेमात गेला त्याचं नाव राहिलं आणि हक्क गेला. स्वतंत्र राहिला त्याचं नावच खोडलं जातंय. पहिल्याच्या बाबतीतली चूक भांडून भांडून, उशिरा का होईना, कायद्याने सुधारली. दुसऱ्याच्या बाबतीतली चूक कुठलंही न्यायालय सुधारणार नाही, कारण ती आपण सगळे मिळून करतो. कार्यक्रमपत्रिकेवर, निवेदनात, फोनवर पाठवलेल्या व्हिडिओवर. ईसुरींना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, त्यांच्या फागांवर कुणाचं पैशाचं देणं नाही. नावाचं आहे. नावाच्या देण्याला मुदत नसते.

‘तुम्ही असा आग्रह धरलात तर नवी मुलं लोकगीतांना हात लावायला घाबरतील आणि परंपरा मरेल,’ असंही मला सांगितलं गेलं आहे. उलट आहे. आज झाशीत किंवा ललितपुरात एखादा मुलगा घरच्या खोलीत गाणं करतो. खिडकीला रजई टांगून रस्त्याचा आवाज अडवतो, शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा, लॅपटॉपवर वाद्यांची जुळणी आणि मिक्सिंगही तोच करतो. दिवसा नोकरी किंवा क्लास. त्याला आपण ‘इंडिपेंडंट आर्टिस्ट’ म्हणतो आणि ही नव्या शतकाची, इंटरनेटची देणगी समजतो. मला तर त्यात सरळ सरळ मेंढकीचा कारिंदा दिसतो. पोटाची सोय वेगळी, गाणं आपल्या मर्जीचं, दरबार नको, ऐकणारे थेट समोर. कॅसेटच्या दिवसांत देशराज पटेरियांचा आवाज बुंदेलखंडातल्या चहाच्या टपऱ्यांवर घुमला तोही मुंबईला विचारून नव्हे. या मुलाला घाबरवायचं असेल तर त्याला सांगावं की तू एकटा आहेस, तुझ्याआधी कुणी नव्हतं. त्याला धीर द्यायचा असेल तर त्याच्या मागे कोण कोण उभे आहेत त्यांची नावं सांगावीत.

आणि नाव लिहायची जागा आता त्याच्या हाताशी आहे. गाणं स्पॉटिफायवर, यूट्यूबवर पाठवताना एक तक्ता भरावा लागतो. गायक कोण, गीतकार कोण, संगीतकार कोण, निर्माता कोण. गाण्यावर कुणाचं नाव राहायचं ते याच चौकटींवरून ठरतं. घाई असते, गाणं उद्या होळीला आलं पाहिजे असतं, आणि गीतकाराच्या चौकटीत ‘पारंपरिक’ लिहून मोकळं होता येतं. तिथेच सगळं घडतं. आज तो मुलगा ईसुरींच्या जागी ‘पारंपरिक’ लिहितो, उद्या त्याचं स्वतःचं गाणं गाजतं, लग्नांत वाजतं, कुणीतरी त्याच्या दोन ओळी उचलतं आणि त्याच चौकटीत तोच शब्द लिहितं. ज्या वाटेने ईसुरींचं नाव गेलं त्याच वाटेने याचंही जाईल. म्हणून ईसुरींचं नाव लिहिणं हे त्याच्या स्वतःच्या धंद्याचं रक्षण आहे. फाग घ्या, नवी चाल लावा, गिटारवर गा, मधे रॅप घाला, माझी काहीच हरकत नाही. फाग गाण्यासाठीच आहे, काचेच्या कपाटासाठी नव्हे. मात्र शेवटची कडी कापू नका. रील छोटं करायचं म्हणून शेवटच्या चार सेकंदांवर कात्री चालते, आणि नेमकं नाव तिथेच असतं.

झाशी जिल्ह्यातल्या खिल्ली गावात वाढलेल्या मैत्रेयी पुष्पा यांनी 2004 साली ईसुरी आणि रजऊवर कादंबरी लिहिली, तिचं नाव ‘कही ईसुरी फाग’. ईसुरीने फाग सांगितली. आपल्या ‘तुका म्हणे’सारखंच, कर्ता आणि क्रियापद दोन्ही जागेवर.

तेव्हा मराठी वाचकांना, विशेषतः गणेशोत्सवात, होळीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणी बसवणाऱ्यांना माझी विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिण्याआधी गाण्याचं शेवटचं कडवं एकदा ऐका. नाव तिथे असेल तर ते वर लिहा. नसेल तर ज्या बाईकडून, ज्या शाहिराकडून, ज्या गावातून गाणं तुमच्यापर्यंत आलं ते लिहा. मी आतेभावाला त्या सकाळी एवढंच सांगितलं होतं. त्याने तो व्हिडिओ पुन्हा ऐकला, शेवटापर्यंत, आणि ओळ बदलून पाठवला: ‘फाग: ईसुरी, मेंढकी, जि. झाशी.’ त्याखाली त्याने गल्लीतल्या त्या सत्तरीच्या गायकाचंही नाव लिहिलं. ते त्याला माहीत नव्हतं. जाऊन विचारून आला.